वाऱ्याचा डोळा

स्केलगिल, ९ मार्च १८९१

बेथिया पोरी,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आजी म्हातारपणी शाळेत जायला लागलेली नाही. हात पीकॉकबाईंचा आहे, तोंड तेवढं माझं. आपला जुना पोस्टमास्तर नाताळात लेकीकडे राहायला गेला आणि त्याच्या जागी ह्या आल्या. पोस्ट ह्याच सांभाळतात आणि दुकानही. नवरा गेल्यावर शहरात एका वकिलाकडे कागद उतरवून द्यायच्या, त्यामुळे समोरच्याच्या तोंडातून पडेल ते टिपायची हाताला खोडच लागलीय. मी म्हटलं, बाई, मला अक्षरं आणि मेंढीच्या लेंड्या सारख्याच दिसतात, पण हे काही लिहू नका. तेही लिहिलंच त्यांनी.

तर तुझं पत्र पोचलं. पोस्टातच ठेवून घ्यायला सांगितलंस ते बरं केलंस. बाईंनी वाचलं, मग मी म्हटलं पुन्हा वाचा, मग म्हटलं, आता तो जहाजाचा भाग तेवढा पुन्हा वाचा. म्हणजे सप्टेंबरात लग्न आणि ऑक्टोबरात न्यूझीलंड. तिथं मेंढ्या पुष्कळ आहेत असं लिहिलंयस. सांगितलंस ते छान झालं, मला मेंढ्यांचीच काळजी लागली होती.

जावई, एडविन स्पार्लिंग, छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवतो म्हणतेस. तुझ्या आजोबांनी जन्मभर ह्या डोंगरातून शिसंच खणलं. त्याच्या गोळ्या होतात, छपरावरचे पत्रे होतात, हे मी ऐकून होते. अक्षरंही होतात हे तू घर सोडलंस त्या वर्षी कळलं, आणि ती गोळीपेक्षा कमी लागत नाहीत हेही.

तुमच्या त्या शब्दकोशाच्या कचेरीतल्या शब्दांनी मात्र आम्हा दोघींची दुपार मजेत गेली. 'लेडी' म्हणजे मुळात कणीक मळणारी, आणि 'लॉर्ड' म्हणजे भाकरीची राखण करणारा. मग मी परकर नेसायला लागल्यापासून लेडीच आहे. वरच्या हवेलीत जी राहते तिच्या बोटाला पीठ लागलेलं कुणी पाहिलेलं नाही, तिला काय म्हणायचं ते तुमच्या साहेबांनी ठरवावं. 'हसबंड' म्हणजे घर धरून राहणारा. हे एवढं पुन्हा तपासून घ्यायला सांग. तुझे आजोबा दिवसा खाणीत असायचे आणि संध्याकाळी गुत्त्यात, घर मीच धरून होते. आणि लग्नाआधी चर्चमध्ये तुझं नाव पुकारतील तेव्हा तुला 'स्पिन्स्टर' म्हणतील, म्हणजे सूत कातणारी. पुकारणाऱ्याला तुझं सूत दाखवू नकोस म्हणजे झालं.

आता मुद्द्याचं. जहाजावर चढण्याआधी तुला एकदा घरी यायचंय, पण बापानं बोलावल्याखेरीज तू उंबरा ओलांडणार नाहीस. आणि बाप बोलावणारा नाही, तुझं नावही घेत नाही. म्हणजे सप्टेंबरपर्यंत तुम्हा दोघांतल्या एका खडकाला मला हलवायचंय. गेलीस की गेलीस, तिकडून कुणी परत आल्याचं ह्या खोऱ्यात कुणाला आठवत नाही.

पीकॉकबाई विचारतायत, बाप-लेकीचं बिनसलं कशावरून. तुला ठाऊक आहे, पण त्यांना सांगते, आणि त्या लिहिणारच, तेव्हा तूही ऐक. मी पदरचं घालते का ते बघ.

हेस्टर, माझी सून, हिची आई, एका नोव्हेंबरात गेली. आमच्याकडे माणूस गेलं की खोलीची खिडकी उघडतात, जिवाला बाहेर पडायला वाट हवी म्हणून. तशी उघडली. दफन झालं, बायका आवराआवर करायला आल्या, कुणीतरी खिडकी लावायला गेलं, तर जोनास, माझा मुलगा, म्हणाला, "राहू दे उघडी. वाट चुकली तर परत कुठून येईल ती?" एवढंच म्हणाला आणि मेंढ्यांकडे गेला. तो अख्खा हिवाळा ती खिडकी उघडी होती. आत बर्फ यायचं, ते मी चुलीच्या फावड्यानं काढायचे. घरात कुणी हसलं नाही, बोललं नाही.

त्या दिवसांत ही पोरगी लंडनच्या शब्दकोशवाल्यांना चिठ्ठ्या पाठवायची. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याखाली तो शब्द घालून कुणा खऱ्या माणसानं बोललेलं वाक्य, त्याखाली माणूस कोण आणि कुठला. आमच्या घरात शिंकायची चोरी झाली होती. आणि 'विंडो' ह्या शब्दाखाली हिनं बापाचं ते वाक्य घातलं. 'एक मेंढपाळ, स्केलगिल.' स्केलगिलात नोव्हेंबरात बायको गेलेले मेंढपाळ आहेत तरी किती? मंडळींनी नमुन्याचं एक लहान पुस्तक छापलं, ते आमच्या पाद्रीसाहेबांकडे आलं, आणि लोकर कातरून झाल्यावर जुलैत गावजेवण असतं तिथं त्यांनी ते वाचून दाखवलं. जोनासचा आवाज काढून. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, गावाचं नाव झालं असं वाटलं त्यांना. लोक बिअर प्यालेले, हसले. जोनासनं पेला खाली ठेवला आणि उठून गेला. त्याच आठवड्यात बेथिया लंडनला त्या कचेरीत नोकरीला गेली. बाप डोंगरावर होता. टपालगाडी वळणाआड जाईपर्यंत उतरला नाही.

पीकॉकबाईंनी नाक शिंकरलं. सर्दी आहे म्हणतात.

हेस्टरच्या खोलीत आता मी झोपते. खोली छान आहे. खिडकी तेवढी ओलीनं फुगून बसलीय, उघडत नाही, त्यामुळे जरासा खोकला.

मला सही येत नाही, म्हणून खाली आपल्या मेंढ्यांच्या कमरेवर ओढतात ती तांबडी रेघ ओढलीय. दुसऱ्याच्या डोंगरावर भरकटलीस तरी कुणाची ते कळावं.

तुझी आजी,
केझिया रॉ


स्केलगिल, १९ एप्रिल १८९१

बेथिया,

तू फार चौकस झालीस. मार्चात एवढी कोरडी हवा असताना खिडकी ओलीनं फुगली कशी, असं विचारतेस. कचेरीत हेच शिकवतात वाटतं, कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

बरं, नाही फुगलेली. खिळे मारलेत. त्या जेवणाच्या दुसऱ्या सकाळी तुझ्या बापानं गोठ्यातले लांब खिळे आणले आणि चौकट ठोकून टाकली. तू तेव्हा दूध काढत होतीस. हातोड्याचा आवाज ऐकून तू मला विचारलंस, आणि मी म्हटलं कुंपण दुरुस्त करतोय. तेव्हापासून ती उघडलेली नाही. मी त्या खोलीत झोपायला गेले ते मुद्दाम, म्हटलं म्हातारी गुदमरतेय बघून तरी काढेल. पण तो माझाच मुलगा आहे.

आता त्याच्याकडे काय झालं ते सांगते. कोकरांचे दिवस आहेत. चुलीपाशी बसला होता, मांडीवर अर्धमेलं कोकरू, आणि त्याच्या तोंडात चमच्यानं दूध घालत होता. म्हटलं, आता हा उठून जाऊ शकत नाही. म्हटलं, "जोनास, बेथियाचं लग्न ठरलंय."

म्हणाला, "ह्याच्या घशाखाली उतरत नाहीये."

म्हटलं, "लग्न झालं की जहाजानं जाणार आहे. जगाच्या पार खालच्या टोकाला."

म्हणाला, "दूध कोमट कर जरा."

कोमट केलं. मग तुझा 'विंडो' काढला. म्हटलं, ती लिहिते, फार पूर्वी उत्तरेकडचे लोक होड्यांतून आले आणि मेंढ्या घेऊन ह्याच खोऱ्यांतून राहिले. त्यांच्या घरांना काचा नव्हत्या, नुसतं एक भोक असायचं, आणि त्याला ते वाऱ्याचा डोळा म्हणायचे. लोकांच्या तोंडात ते घासत घासत 'विंडो' झालं. आणि ती असंही लिहिते की ते वाक्य तिनं थट्टेसाठी पाठवलं नव्हतं. जन्मात ऐकलेल्या बोलण्यात तेवढंच एक असं होतं की ते हवेत विरून जाईल ह्याची तिला भीती वाटली.

त्यानं कोकरू उचलून माझ्या मांडीवर टाकलं आणि दाराबाहेर गेला. उठू शकत नाही म्हणे. कोकरू जगलं, म्हणून निदान दुपार वाया गेली नाही.

'गुडबाय'चं जे लिहिलंस, की मुळात 'देव तुझ्याबरोबर असो' असं ऐसपैस होतं आणि लोकांनी घाईघाईत चघळून एवढंसं केलं, ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानं तुला तेवढंसंही म्हटलं नव्हतं.

(आजीबाईंचा खोकला त्या म्हणतात तेवढा जरासा नाही. — एस. पीकॉक)

बाई काय लिहितायत ते वाचून दाखवत नाहीत. काहीतरी चुगली असणार. रेघ ओढते.

केझिया


स्केलगिल, ७ जून १८९१

बेथिया,

पत्र का नाही? टपालगाडी येते, घोडा मला बघून मान फिरवतो, गाडीवान म्हणतो, आजी, आज नाही. लंडनातली शाई संपली का? का लग्नाची टोपी शिवत बसलीयस?

माझे हात थांबत नाहीत. एका जागी बसलं की विणते, उठले की चालता चालता विणते, कमरेला सुई खोचून. परवा मोज्याची टाच वळवायची राहिली आणि पाय विणतच गेले, आता तो मोजा कुणा जिराफाला जाईल. जावयाचे पाय कसे आहेत ते कळव.

तुझ्या बापानं परवा चहा पिता पिता विचारलं, "पोस्टातल्या बाई आजारी आहेत का?"

म्हटलं, "ठणठणीत आहेत. का रे?"

"काही नाही. तू दुकानात जाऊन आलीस की बरळत असतेस, हल्ली गप्प आहेस."

पेला धुतला, पुन्हा धुतला, बाहेर गेला. म्हणजे तोही गाडीची वाट बघतोय, आणि हे त्याला अजून कळलेलं नाही.

उन्हाळ्यातसुद्धा चूल पेटती ठेवावी लागते, आणि दलदलीच्या मातीच्या सरपणाचा धूर तुला माहीत आहे. तो जिना चढून सरळ माझ्या खोलीत येतो, बाहेर जायला वाट नाही म्हणून माझ्यात राहतो.

लिही. नाहीतर मी लिहायला शिकेन आणि मग तुम्ही सगळेच पस्तावाल.

पाकीट चिकटवायच्या आत तुझं पत्र आलं. गाडीवान हसत होता, मी त्याच्या हातातून हिसकावलं. बाईंनी वाचलं. आत ती जुनी चिठ्ठी निघाली, तुझ्याच हातची, 'विंडो'ची. तू म्हणतेस, साहेबांच्या खोलीबाहेर रोज उभी राहिलीस आणि शेवटी ते वाक्य मोठ्या पुस्तकातून काढून घ्यायला लावलंस. त्या जागी आता कुणा कवीची ओळ येईल. चिठ्ठी बापाला द्यायची, त्यानं जाळली तरी चालेल.

देते. पण एवढी मोठी गोष्ट लिहून खाली 'क्लू'चा अर्थ कशाला सांगत बसतेस? म्हणे क्लू म्हणजे मुळात सुताचा गुंडा, आणि तो उलगडत माणसं भुलभुलैयातून बाहेर यायची. मुळात काय मुळात? आत्ता माझ्या मांडीवर आहे तो क्लूच आहे. तुम्ही शहरातल्या लोकांनी त्यानं चोर पकडायला सुरुवात केलीत, त्याला आम्ही काय करणार?

केझिया


स्केलगिल, २८ जून १८९१

बेथिया,

चिठ्ठी दिली. कातरणीच्या आधीचे दिवस, तो दारात बसून कात्र्यांना धार लावत होता. मी ती त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि बाजूला झाले. मला वाटलं, एकतर चुलीत जाईल, नाहीतर वाऱ्यावर.

वाचली. त्यात एवढंसं तर वाक्य आहे, पण बराच वेळ वाचत होता. मी सांगितलं, तिनं हे मोठ्या पुस्तकातून काढायला लावलं, छापणार नाहीत आता.

"काढलं?"

"काढलं. तुला हवं होतं तसं."

कात्री ठेवून दिली त्यानं. म्हणाला, "मग आता ते कुठंच नाही."

मला वाटलं होतं, ऐकून मोकळा होईल. पोरी, मी ह्या माणसाला जन्म दिला आणि मला तो अजून कळत नाही. छापलं म्हणून खिडकी ठोकली, आणि पुसलं म्हणून चेहरा असा केला की हेस्टर दुसऱ्यांदा गेली. चिठ्ठी घडी करून जाकिटाच्या खिशात ठेवली. तेव्हापासून त्याच्या पायाला चाक लागलंय. गोठ्यात जातो, तिथून मळ्यात, मळ्यातून परत येऊन मला विचारतो, मी कशाला आलो होतो? मला काय माहीत तू कशाला आलास. जेवताना बसत नाही. बांधाच्या दगडी भिंती नीट असताना पाडून पुन्हा रचतोय.

आणि तुला बोलाव म्हटलं की ऐकू येत नाही.

जून संपत आला. मी फार विचार केला आणि मरायचं ठरवलं.

पीकॉकबाईंनी लेखणी ठेवली होती, आता पुन्हा उचलली. नीट ऐक. माणूस जायला लागलं की खिडकी उघडायला हवी, ह्याला ह्या खोऱ्यात कुणी नाही म्हणू शकत नाही, जोनासही नाही. तेव्हा येत्या रविवारी तो प्रार्थनेहून आला की मी अंथरूण धरणार. एकदा ते खिळे निघाले की पुढचं बघू. पीकॉकबाई म्हणतात हे पाप आहे. मी म्हटलं, आज ना उद्या करायचंच आहे, जरा सराव केला तर काय बिघडलं?

माझी तब्येत बिघडली अशी तार आली तर घाबरू नकोस. पण तार आल्यावर धावत यावंसं वाटलं, तर माझी काही हरकत नाही.

केझिया


स्केलगिल, १२ जुलै १८९१

बेथिया,

तार आली नाही म्हणजे तुला कळलंच असेल की माझं मरण नीट पार पडलं नाही.

तयारी मात्र चोख होती. आपल्या बायका मरणाचे पांढरे मोजे आधीच विणून खणात ठेवतात, माझे तुझ्या जन्माआधीपासून ठेवलेत. ते घातले. केस विंचरले. चादर हनुवटीपर्यंत ओढली. दुपारचं ऊन होतं, खोली बंद, धूर भरलेला, त्यामुळे खोकला आणायला काही कष्ट पडले नाहीत. खालून दार वाजलं तसा मी एक आवाज काढला. चांगला काढला.

जोनास वर आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात. मी डोळे अर्धे मिटून म्हटलं, "जोनास, खिडकी."

म्हणाला, "डॉक्टरला आणतो."

"डॉक्टर काय खिडकीतून येणार आहे? आधी खिडकी उघड."

तो जिना उतरून गेला. मला वाटलं, गेला घोडा जोडायला, आता डॉक्टर येऊन माझी नाडी बघणार आणि माझी फजिती होणार. पण पावलं परत आली. त्याच्या हातात पकड होती.

खिळे काढले. एकेक खिळा किंचाळत निघाला. एक मधेच तुटला, तो चाकूनं कोरून काढला, अंगठा कापून घेतला. मग दोन्ही हातांनी चौकट वर ढकलली. वारा आत आला पोरी. कापलेल्या गवताचा, मेंढ्यांचा, ओढ्याचा वास घेऊन आला. मी खरंच मरत असते तरी उठून बसले असते.

तो पाठमोरा, चौकटीवर हात ठेवून उभा. म्हणाला, "आई, चादरीवर भाकरीचा चुरा आहे."

म्हटलं, "एवढ्या लांब जायचं ते उपाशीपोटी जाऊ?"

"जिन्यातच कळलं होतं मला. मरणाऱ्या माणसाला इतका जोर नसतो आवाजात."

"मग खिळे कशाला काढलेस?"

त्यानं खिळे गोळा केले, खिशात घातले, चिठ्ठी ठेवली होती त्याच खिशात. मग खिडकीतून बाहेर बघतच म्हणाला, "वाऱ्याचा डोळा म्हणाली होती ना ती?"

बघ, एप्रिलात कोकरू टाकून चालता झाला होता, पण शब्द घेऊन गेला होता.

म्हटलं, "तसंच म्हणाली."

"हं," म्हणाला. मग, "ते मोजे काढ. मळतील."

आणि गेला. मी वाट बघितली की संध्याकाळी काही बोलेल. बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलेल. नाही. खिडकी उघडी आहे, माझा खोकला उतरलाय, पण तुझं नाव अजून त्याच्या घशात अडकलेलं आहे, त्या कोकराच्या दुधासारखं. लाकडातले खिळे पकडीनं निघतात. ह्याला काय लावू, सांग. तुमच्या कचेरीत एखादा शब्द असेल तर पाठव.

(खोकला खरोखरच उतरला आहे. — एस. पीकॉक)

केझिया


स्केलगिल, ९ ऑगस्ट १८९१

बेथिया,

गवत सगळं गोठ्याच्या माळ्यावर गेलं. पाऊस यायच्या आत गेलं, त्यामुळे गावातली माणसं एकमेकांशी बरी वागतायत. तुझं पत्र पोचलं. असा काही शब्द नाही म्हणतेस. इतकी माणसं पगार घेऊन दिवसभर करतात काय मग?

आणि तू लिहितेस की आता वाट बघणार नाहीस, लग्न लंडनलाच लागेल, मी रडू नये. मी रडत नाही. पीकॉकबाईंना पुन्हा सर्दी झाली तेवढी. पण एक सांगते, मला ह्या वयात दोन हट्टी माणसांच्या मधे उभं करून तुम्ही दोघांनी

थांब. जोनास दुकानात आलाय.

बाई, लिहू नका. बरं, लिहा, पण हळू आवाजात लिहा.

तो मेणबत्त्या मागतोय. घरात पेटीभर मेणबत्त्या आहेत. बाई त्याला मेणबत्त्या देऊन परत आल्या आणि लेखणी हातात धरून बसल्यात. तो काही जात नाही. गवताचा कचरा डोक्यात तसाच. साखरेच्या डब्यांकडे बघतोय, दोऱ्याच्या रिळांकडे बघतोय, छताला टांगलेल्या हॅमकडे बघतोय. आता विचारतोय, तिलाच लिहिताय का?

म्हटलं, नाही, राणीसाहेबांना.

विचारतोय, लग्न कधी आहे. सप्टेंबरात, पण लंडनला, असं बाईंनीच सांगितलं. मी गप्प आहे. पोरी, मी एक शब्द बोललेली नाही, बाईंनी साक्ष द्यावी.

(साक्ष देते. — एस. पीकॉक)

तो बाईंच्या टेबलापाशी आलाय. टोपी पिळतोय. ह्यापुढचं बाईंनी तो बोलला तसंच उतरवलंय, मी मधे काही घातलेलं नाही.

"लिहा," म्हणाला. "म्हणावं, खिडकी उघडी आहे. पण ती तिच्या आईसाठी." मग म्हणाला, "तू काही मेलेली नाहीस. दारानं ये."

बाईंनी विचारलं, अजून काही?

म्हणाला, "त्यालाही आण. अक्षरंवाल्याला."

मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "जोनास, छान बोललास. हे तिच्या एखाद्या चिठ्ठीवर घालायला सांगू का, 'डोअर' ह्या शब्दाखाली?"

माझ्याकडे बघितलं त्यानं. तोंडाचा एक कोपरा हलला, तुझ्या आजोबांचा हलायचा तसा.

"चिठ्ठीवर नको," म्हणाला. "पत्रात."

आणि मेणबत्त्या टेबलावर तशाच ठेवून गेला. खिडकीतून दिसतोय, चढणीला लागलाय, आज मधे कुठंही थांबत नाही. टपालगाडीचा घोडा दारात पाय आपटतोय, गाडीवान म्हणतो, आजी, आटपा. आटपते. जिराफाचा मोजा उसवून पुन्हा विणायला घेतलाय, जावयाच्या पायाचं माप अजून आलेलं नाही. तो स्वतःच पाय घेऊन आला तर बरं.

ही माझी रेघ.

केझिया